१९९२ च्या मियाटासाठी खिशाला परवडणारी चाके : कोनिग हायपरग्राम आणि फायरहॉक इंडी ५००

माझ्याकडे १९९२ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. दोनच माणसांची, उघड्या टपाची, १.६ लिटर इंजिनाची आणि ११६ अश्वशक्तीची ही गाडी वजनाने हजार किलोंच्या आसपास भरते, आणि ती चालवण्यातला सारा आनंद या हलकेपणात आहे. मिशिगनमध्ये हिवाळा सरला की रस्त्यांची चाळण होते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अशाच एका खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले. गाडी वर उचलून पाहिली तेव्हा रिमची आतली कड दबलेली होती आणि त्या कडेपासून नखभर लांबीचा बारीक तडा गेलेला होता. तडा गेलेले अ‍ॅल्युमिनियमचे चाक वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणणे मला मान्य नव्हते. उरलेल्या तीन चाकांवरचे टायरही म्हातारे झाले होते. त्यामुळे चार चाके आणि चार टायर, बसवण्याच्या मजुरीसह तेराशे डॉलरच्या आत, असे बजेट ठरवून मी शोधाला लागलो.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळची जुनी चाके शोधणे. या गाडीची मूळ चाके १४ इंची, साडेपाच इंच रुंद, सात आऱ्यांची आहेत. फुलासारख्या आकारामुळे मियाटावाले त्यांना ‘डेझी’ म्हणतात. ती आजही मिळतात आणि फार महाग नाहीत. अडचण टायरची आहे. गाडीला कारखान्यातून १८५/६०आर१४ हे माप येत असे, म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १४ इंची. १९९० च्या सुमारास ते अगदी सर्रास माप होते. आज मात्र १४ इंची टायर मुख्यतः साध्या, छोट्या मोटारींसाठी बनतात, आणि वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवणारा चांगला उन्हाळी टायर त्या मापात शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. चाक स्वस्त मिळवून टायरच्या बाबतीत तडजोड करायची, हा व्यवहार या गाडीच्या बाबतीत उलटा आहे; रस्त्याला टेकतो तो टायर. १५ इंची चाक घेतले की टायरचे पर्याय एकदम वाढतात, म्हणून मी १५ इंचांवर आलो.

१७ इंची चाके काही ठिकाणी त्याहूनही स्वस्त होती आणि दिसायला भरदार होती, पण तो विचार मी एका आकडेमोडीनंतर सोडून दिला. मूळ टायरची बाजूची भिंत १११ मिलिमीटर उंच आहे. २०५/५०आर१५ घेतला तर ती १०२.५ मिलिमीटर होते, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो. २०५/४०आर१७ मध्ये तीच भिंत ८२ मिलिमीटरवर येते. आमच्याकडच्या खड्ड्यांत रिम आणि डांबर यांच्यामध्ये उभे राहणारे रबर एवढेच असते.

पहिला प्रयत्न मात्र फसला, आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे, कारण जुन्या गाडीसाठी स्वस्त चाके शोधणारा जवळजवळ प्रत्येक जण या वळणावर येतो. मियाटाचा पीसीडी ४ × १०० आहे, म्हणजे चार नट आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर. हे माप अनेक गाड्यांमध्ये आहे : जुनी होंडा सिव्हिक, बीएमडब्ल्यूची ई३० मालिका, पहिल्या पिढीची नवी मिनी, आणि भारतात अनेक वर्षे विकली गेलेली होंडा सिटीसुद्धा. त्यामुळे जुन्या बाजारात चाकांचा तुटवडा नसतो. एका विक्रेत्याने सिव्हिकची मूळ १५ इंची चाके टायरसह विकायला काढली होती. पीसीडी तोच, नटाचे आटे एम१२ × १.५ हेही तेच, आणि टायरची नक्षी भरपूर शिल्लक. तो म्हणाला की जशीच्या तशी बसतील, आणि मी पैसे मोजले.

चाके घेऊन मी आमच्या भागातल्या टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या वयस्कर कारागिराने एक चाक पालथे केले, माझ्या गाडीचा एक नट हातात घेतला, तो चाकाच्या भोकात ठेवला आणि बोटाने हलवून दाखवला. नट डुगडुगत होता. माझ्दाच्या नटाची बैठक शंकूसारखी, ६० अंशांची असते. होंडाच्या मूळ चाकांची बैठक गोलाकार, चेंडूच्या आकाराची असते. आटे जुळत असल्यामुळे नट पूर्ण आवळला जातो आणि सगळे ठीक आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात धातू धातूला एका बारीक कड्यावरच टेकलेला असतो आणि चालता चालता नट सैल होऊ शकतो. त्यानंतर त्याने मधले भोक मोजले. चाक गाडीच्या ज्या मधल्या गोल भागावर बसते तो हब; मियाटाच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, होंडाच्या चाकाचे भोक ५६.१. या दोन मिलिमीटरच्या फरकामुळे चाक हबवर नेमके मधोमध बसत नाही, आणि ताशी ६० मैलांच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागते. शेवटी त्याने टायरच्या भिंतीवरचा कोड वाचून दाखवला : ३११२. सन २००० पासून या कोडचे शेवटचे चार अंक टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे सांगतात. म्हणजे हे टायर २०१२ च्या एकतिसाव्या आठवड्यातले होते. नक्षी खोल होती, पण खोबणीच्या तळाशी वाळलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. चाके बसवायला त्याने स्वच्छ नकार दिला आणि तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. त्या माणसाचा मी ऋणी आहे.

त्यानंतर मी नवीन चाकांकडे वळलो आणि मियाटाच्या सुट्या भागांचाच व्यापार करणाऱ्या एका दुकानातून कोनिग कंपनीची हायपरग्राम ही चाके मागवली. माप १५ × ७.५ इंच, ऑफसेट (हबला टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते अंतर) अधिक ३५ मिलिमीटर. चार चाकांना सातशे डॉलरच्या थोडे वर पैसे पडले. ही चाके ‘फ्लो फॉर्मिंग’ पद्धतीने बनवलेली आहेत : मधला भाग ओतीव असतो आणि बाहेरची कड उष्णता व दाब देऊन रुळाखाली लांबवली जाते, त्यामुळे ती पातळ असूनही मजबूत राहते. संपूर्ण घडीव चाकाची किंमत याच्या कितीतरी पट असते आणि साध्या ओतीव चाकाचे वजन अधिक असते. मधल्या किमतीत मिळणारा हा मधला मार्ग मला पटला.

वजनाबद्दल एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारतात जाताना बॅगा तोलण्यासाठी घरात आकड्याचा काटा असतो. त्याला मी आधी टायर काढलेले जुने डेझी चाक आणि नंतर नवे चाक टांगले. जुने साडेपाच किलोंच्या जवळ भरले, नवे सहा किलोंच्या आसपास. म्हणजे पैसे खर्च करून मी चाक किंचित जड केले! माझ्दाच्या अभियंत्यांनी १९८९ मध्येच ही चाके इतकी हलकी बनवली होती की आज बाजारातली बहुतेक परवडणारी चाके त्यांच्यापेक्षा जडच निघतात. नवे चाक एक इंच मोठे आणि दोन इंच जास्त रुंद असूनही फरक अर्ध्या किलोचा आहे, हे मी कोनिगच्या बाजूने मांडतो. पण कोणी ‘नवीन चाकाने गाडी हलकी होते’ असे सांगून चाके विकत असेल, तर मियाटावाल्याने आधी काटा मागावा.

ऑफसेटचे गणित घरी कागदावर करता येते आणि ते करावेच. चाकाची रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन तिच्या निम्म्यातून ऑफसेट वजा केला की हबच्या पृष्ठभागापासून रिमची बाहेरची कड किती दूर आहे ते कळते. ऑफसेट मिळवला की आतली कड कळते. मूळ चाक साडेपाच इंची आणि ऑफसेट ४५, म्हणून बाहेरची कड सुमारे २५ मिलिमीटरवर आणि आतली ११५ वर. नव्या चाकाची बाहेरची ६० वर, आतली १३० वर. थोडक्यात, चाक बाहेर ३५ आणि आत १५ मिलिमीटर सरकते. मूळ उंचीच्या स्प्रिंगांवर या गाडीच्या चाकांवरच्या कमानीत एवढी जागा आहे; माझ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवूनही टायर कुठे घासत नाही. गाडी खाली बसवलेली असेल, तर मात्र आधी मोजमाप करावे लागेल.

टायर मी टायर रॅककडून घेतले. इंडियानातल्या साउथ बेंड इथली, १९७९ पासून चालत आलेली ही कंपनी टायर थेट बसवणाऱ्या दुकानात पाठवण्याची सोय देते, आणि मी ते त्याच नकार देणाऱ्या कारागिराकडे पाठवले. निवडला तो फायरस्टोनचा फायरहॉक इंडी ५००, माप २०५/५०आर१५. हे माप निवडण्याचे कारण रिमची रुंदी : १९५/५० चा टायर साडेपाच ते सात इंची रिमसाठी बनलेला असतो, तो साडेसात इंची रिमवर ताणला जातो, २०५/५० साडेसातपर्यंत चालतो. बाहेरचा व्यास मूळ टायरपेक्षा आठ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे दीड टक्का, आणि वेगाचा काटा ६० मैल दाखवत असताना गाडी ६१ च्या जवळपास असते. या टायरचे ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा तुलनात्मक आकडा, ३४० आहे. शर्यतीच्या मैदानाकडे झुकलेल्या टायरांना २०० असते आणि ते लवकर झिजतात. शनिवार-रविवारी रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला ३४० योग्य वाटले. मात्र हा उन्हाळी टायर आहे. पारा गोठणबिंदूकडे उतरू लागला की अशा टायरचे रबर कडक होते आणि पकड जाते. माझी गाडी नोव्हेंबर ते मार्च झाकून ठेवलेली असते. जो वर्षभर चालवतो त्याने हा टायर घेऊ नये.

चार टायरना पाचशे डॉलरच्या थोडे आत आणि बसवणे, बॅलन्सिंग व जुने टायर टाकून देणे याला शंभर. एकूण तेराशेच्या आत काम झाले. जुन्या गाडीचा इथे एक फायदा होतो : अमेरिकेत हवेचा दाब सांगणारे सेन्सर सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले, माझ्या गाडीला ते नाहीतच, त्यामुळे तो खर्च वाचला. कोनिगच्या चाकाचे मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे, ७३.१ मिलिमीटरचे असते, ते ५४.१ वर आणणाऱ्या हब रिंगा मागवायला विसरू नये. कारागिराने रिंग आधी हबवर अंगठ्याने दाबून बसवली, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला, आणि मगच चाक चढवले. नट ८० फूट-पौंडांवर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळले. माझ्दाने ६५ ते ८७ दिलेले आहे.

दुकानातून निघताना गाडी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर उडत होती आणि माझा जीव खाली-वर झाला. घरी येऊन हवा तपासली तर ती ३५ पीएसआय होती. आजच्या जड मोटारींच्या सवयीने कोणीही तेवढी भरतो. या गाडीच्या दारावरच्या पट्टीवर चारही चाकांना २६ लिहिलेले आहे. २६ वर आणल्याबरोबर गाडी शांत झाली.

आता या चाकांवर एक पूर्ण मोसम झाला आहे. सपाट महामार्गावर ताशी ७० मैलांनाही स्टिअरिंगमध्ये कंप नाही. वळणावर पूर्वी ज्या वेगाला पुढची चाके कुरकुरू लागत, त्या वेगाला आता गाडी रेषा धरून निघून जाते, आणि पावसात अचानक ब्रेक दाबावा लागला तेव्हा जो विश्वास वाटला तो जुन्या टायरांवर कधी वाटला नव्हता. काही गमावलेही आहे. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायरमुळे पार्किंगमध्ये हात दुखतात, आणि ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जास्त ओढते, कारण चाक बाहेर सरकल्याने रस्त्याचा झटका आता लांबच्या तरफेने येतो. ११६ अश्वशक्तीला २०५ चा टायर थोडा जास्तच होतो. मागची चाके हलकेच सरकवत वळण घेण्याची जी गंमत अरुंद टायरवर कमी वेगातही मिळायची, ती आता सहज मिळत नाही. आज पुन्हा निवड करायची झाली, तर मी सात इंची रिम आणि १९५/५०आर१५ घेईन. त्याचा व्यास मूळ टायरच्या दोन मिलिमीटरच्या आत जुळतो आणि स्टिअरिंगही हलके राहते.

नवी चाके बसवल्यावर पहिल्या पन्नास-साठ मैलांनंतर नट पुन्हा तपासायचे असतात; माझ्या सोळापैकी दोन नट पाव फेरीने सरकले. चांगली राहिलेली तीन डेझी चाके मी धुऊन, टायर काढून तळघरात ठेवली आहेत आणि चौथ्याच्या शोधात आहे. मिळाले की त्यावर साधे १८५/६० चढवून एप्रिलमधल्या खड्ड्यांचे पहिले तीन आठवडे गाडी त्याच चाकांवर चालवीन.