बँकेतील लॉकर: सहा वर्षांचा अनुभव

आई गेल्यावर तिचा दागिन्यांचा पितळी डबा घरात ठेवण्याची धास्ती वाटू लागली, म्हणून रावेरमधील एका बँकेत मी लहान लॉकर घेतला आणि डबा न उघडताच त्यात ठेवला. वार्षिक भाडे दोन हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. खोली कोरडी आहे, कर्मचारी अदबीने वागतात, आणि बँकेची व आपली अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नाही. करारनामा नव्याने करताना मात्र मला तीन हेलपाटे घालावे लागले.

त्या करारातील दोन अटी नीट वाचाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट, म्हणजे माझ्यापुरती दोन लाखांची आहे. आत काय ठेवले आहे, याची नोंद बँक ठेवत नाही. शिवाय भाडे वेळेवर भरले जात असले, तरी सात वर्षे लॉकर उघडला गेला नाही आणि ग्राहकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर आतला ऐवज बँक वारसांच्या हवाली करू शकते.

ही अट वाचून मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी डबा उघडला. केळीच्या पैशांतून केलेल्या पाटल्या आणि एकदाणी ओळखीची होती. तळाशी मात्र धडप्यात बांधलेली चांदीच्या तोड्यांची जोडी निघाली; त्यातला एक तोडा चेपलेला होता. सोबतच्या चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात 'सन ७२, गहाण, रुपये साठ' असे लिहून खाली आमच्या सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, नाव होते. दुष्काळाच्या त्या साली त्याने ते बायकोच्या पायांतून उतरवून आणले असणार, आणि त्यांच्या रखवालीचे भाडे मी सहा वर्षे भरत होतो. पाटल्या वारसाहक्काने माझ्या झाल्या असतील, तर ती चिठ्ठीही माझीच झाली होती. सालदाराचा हिशेब आमच्याकडे आखाजीलाच होतो, आणि पितरांची घागरही त्याच दिवशी भरतात.

सेवा चांगली आहे, शिफारस करतो. लॉकर मात्र लहानच घ्यावा, मोठ्यात विसरायला अधिक जागा असते.

तोडे मी परत ठेवले नाहीत. सालदाराची सून गावातच राहते. तिने चेपलेली बाजू अंगठ्याने चाचपली, चिठ्ठी मला वाचायला लावली, आणि साठ रुपये आणायला ती आत गेली.