ट्राउटसाठी कुठे जावे: काश्मीरची तळी, तीर्थन नदी की सिएरा नेवाडा?

उजनीच्या फुगवट्यावर किंवा हिप्परग्याच्या तलावाकाठी गळ टाकून बसणाऱ्या सोलापूरकराला एकदा थंड पाण्यातल्या ट्राउट माशाची ओढ लागली, की त्याच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली काश्मीरमधील उंच तळ्यांची, म्हणजे विशनसर, किशनसर, गडसर आणि गंगाबलची. दुसरी हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीची. तिसरी वाट दहा वर्षांपूर्वी कोणी विचारातही घेतली नसती. पण मुले कॅलिफोर्नियात स्थिरावल्यामुळे आपल्याकडचे पुष्कळ आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे काढतात आणि सिएरा नेवाडाची डोंगररांग तिथून मोटारीने एका दिवसाच्या टप्प्यात येते. या तिन्ही ठिकाणी आपल्या गळाला लागणारा ट्राउट बहुतेक वेळा माणसाने बाहेरून आणून सोडलेल्या माशांचा वंशज असतो. तो गळाला लागल्यावर त्याचे काय करायचे, याचे उत्तर मात्र तिन्हीकडे वेगळे आहे. माझ्या मते निवड त्या उत्तरावरून करावी. छायाचित्रांवरून किंवा कोणी केवढा मासा काढला याच्या गप्पांवरून करू नये.

मूळ प्रश्न असा की इतक्या उंचीवरील तळ्यांत मासे आलेच कसे. ही तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत आणि त्यांतून निघणारे ओढे पुढे कड्यांवरून कोसळत खाली जातात, त्यामुळे खालचा मासा वर चढू शकत नाही. सिएरा नेवाडातील सुमारे १,८०० मीटरच्या वरची जवळजवळ सगळी तळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माशांविना होती. मग खेचरांच्या पाठीवर डबे लादून मासे वर नेले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानातून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर लांबीची पिल्ले, थेट तळ्यांत सोडली जाऊ लागली. काश्मीरची कहाणी वेगळ्या वळणाने गेली. ब्रिटनमधून १८९९ मध्ये आलेली ब्राउन ट्राउटची अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवान येथे वाढवली गेली. तेथूनच १९०९ मध्ये हा मासा कुलू खोऱ्यात पोहोचला. म्हणजे तीर्थनचा ट्राउट हा काश्मीरच्याच घराण्यातला.

आता तळ्याच्या पोटात काय चालते ते पाहू, कारण उजनीची सवय असलेल्या माणसाचा पहिला गैरसमज इथेच होतो. आपल्याकडे मत्स्यबीज सोडले, की कटला वर्षभरात किलोच्या घरात जातो; पाणी उबदार असते आणि खाद्याला तोटा नसतो. साडेतीन हजार मीटरवरील तळे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ बर्फाखाली असते, त्यामुळे तेथील माशाची सगळी वाढ उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत किड्यांवर आणि त्यांच्या अळ्यांवर होते. वीतभर लांबीचा मासासुद्धा कित्येक वर्षांचा असू शकतो. अशा तळ्यातून मोठे मासे काढले, तर त्यांची जागा पुढच्या हंगामात भरून निघत नाही. शिवाय ब्राउन ट्राउट शरद ऋतूत वाहत्या पाण्याच्या खडीत अंडी घालतो, म्हणून तळ्याला मिळणारा किंवा तळ्यातून निघणारा ओढा म्हणजे त्याचे बाळंतघर असते. गंगाबलमधून नुंदकोल तळ्याकडे वाहणाऱ्या ओढ्यासारख्या जागी सप्टेंबरच्या अखेरीस पाण्यात उतरून तळाची खडी तुडवणे म्हणजे पुढच्या पिढीवरच पाय देणे होय.

काश्मीरच्या बाजूने पहिला मुद्दा म्हणजे ब्राउन ट्राउट. तो चतुर असतो, सावलीला बिचकतो आणि एकदा फसलेला गळ सहसा पुन्हा धरत नाही. दुसरा मुद्दा पायवाटेचा. सोनमर्गहून निघून निचनई खिंड ओलांडत विशनसर (सुमारे ३,७०० मीटर), किशनसर, गडसर, सतसर करीत गंगाबल (सुमारे ३,५७० मीटर) आणि शेवटी नारानाग, असा हा सुमारे आठवड्याचा प्रवास असतो आणि त्यातील गडसर खिंड ४,००० मीटरच्या वर जाते. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर राहणाऱ्या आणि मे महिन्यात चाळिशीपार ऊन सोसणाऱ्या माणसाने येथे पहिल्याच दिवशी गळाची घाई करू नये. सोनमर्गला एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. परवाना जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. विभागाने ट्राउटच्या पाण्याचे टप्पे पाडलेले आहेत आणि परवाना त्या-त्या टप्प्यापुरता असतो. श्रीनगर सोडण्यापूर्वीच तो हातात असलेला बरा. हंगाम सप्टेंबरअखेरीस संपतो आणि वाटेतल्या खिंडी जुलैत मोकळ्या होतात, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येणारा काळ अडीच महिन्यांचा असतो. वाटेत लष्कराच्या तपासणी नाक्यांवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. म्हणून तिकिटे काढण्याआधी वाट खुली आहे की नाही हे स्थानिक वाटाड्याकडून आणि प्रशासनाकडून पक्के करून घ्यावे.

तीर्थन हे तळे नव्हे, नदी आहे. तरीही तिला या तुलनेत घेतले, कारण पहिला ट्राउट धरायला तिच्याइतकी सोपी जागा मला तरी ठाऊक नाही. ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून येते. हे उद्यान १९९९ मध्ये अधिसूचित झाले आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. खोऱ्यातील लोकांनी लढून या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिले नाहीत, म्हणून तिचे पाणी आजही थंड आणि अखंड वाहते. नदीकाठी मत्स्य विभागाचे ट्राउट केंद्र आहे आणि परवाना मिळवण्यासाठी फार हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुक्कामाच्या खोलीतून बाहेर पडले, की पाच मिनिटांत पाण्यावर पोहोचता येते. मासे मध्यम आकाराचे मिळतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ होऊन सगळा बेत फसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते. तेव्हा मार्च ते जूनचा पूर्वार्ध किंवा मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर, एवढेच दिवस धरावेत. तीर्थनबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि नवशिक्याच्या दृष्टीने तीच तिची मोठी बाजू आहे.

सिएरा नेवाडाकडे वळल्यावर मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. येथील तळ्यांत सर्वांत जास्त भेटतो तो पूर्व अमेरिकेतून आणलेला ब्रुक ट्राउट. त्याला अंडी घालायला ओढा लागतोच असे नाही. तळ्याच्या तळाशी खडीतून झरा वर येत असेल, तर तिथेही त्याचे भागते. परिणामी बर्फ, थंडी आणि अपुरे अन्न असूनही त्याची संख्या वाढतच जाते आणि मग माशांचे डोके मोठे, अंग मात्र सडपातळ, अशी खुरटलेली प्रजा तयार होते. उजनीत चिलापी (तिलापिया) माशाने काय केले हे पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

या ट्राउटमुळे पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक नाहीसा होऊ लागला. त्याच्या पिल्लांना बेडूक व्हायला दोन ते चार वर्षे लागतात, त्यामुळे त्यांना तळापर्यंत न गोठणारी खोल तळीच लागतात. आणि ट्राउटही नेमका अशाच तळ्यांत हिवाळा काढतो. त्यात बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीच्या रोगाची भर पडली. सिकोया आणि किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांनी १९८८ मध्ये आणि योसेमिटीने १९९१ मध्ये मासे सोडणे थांबवले. तरी आधीच पसरलेले मासे आपोआप जात नाहीत, म्हणून २००१ पासून काही निवडक तळ्यांत जाळी लावून ते काढण्याचे काम सुरू झाले. जिथे मासे पूर्णपणे काढले गेले, तिथे बेडूक पुन्हा वाढल्याचे रोलंड नॅप आणि व्हान्स व्ह्रेडनबर्ग यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले. त्या बेडकाला २०१४ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळाले. कॅनडातील बॅन्फ आणि इटलीतील ग्रान पारादिझो उद्यानांतही काही तळ्यांतून ब्रुक ट्राउट याच पद्धतीने काढला गेला आहे.

गळ टाकणाऱ्यासाठी याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. सिएरामधील ब्रुक ट्राउटने भरलेल्या तळ्यात कायद्याच्या मर्यादेत मासे पकडून घरी नेणे आणि तळून खाणे हे तळ्याच्या भल्याचेच आहे. तिथे प्रत्येक मासा जपून परत सोडण्यात काही पुण्य नाही. काश्मीरच्या तळ्यात याच्या उलट वागावे, कारण तिथला मोठा ब्राउन ट्राउट म्हणजे अनेक उन्हाळ्यांची कमाई असते आणि तो एका जेवणात संपवणे महाग पडते. एक प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो: ट्राउट येण्यापूर्वी आपल्या हिमालयातील पाण्यात काय होते? नद्यांत ‘असला’ (स्नो ट्राउट) नावाचा मूळचा मासा होता आणि अजून आहे. जागा आणि खाद्य या दोन्हींसाठी त्याची ब्राउन ट्राउटशी स्पर्धा होते. ट्राउट हा पर्यटनाचा दागिना असल्यामुळे हा विषय मागे पडतो, आणि मला ते खटकते.

सिएरात कुठे जावे, असे मुलाने विचारले, तर जॉन म्युर अरण्यक्षेत्रातील लिटल लेक्स व्हॅलीचे नाव सांगावे. वाट जिथे सुरू होते तिथपर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरपर्यंत, मोटार जाते आणि पुढची तळी सौम्य चढावर एकामागून एक लागतात. साठी उलटलेल्यांनाही ही वाट झेपते; मात्र रक्तदाबाची तक्रार असलेल्यांनी आदल्या रात्री मॅमथ लेक्ससारख्या गावी मुक्काम करून उंचीची सवय करून घ्यावी. सोळा वर्षांवरील प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचा परवाना लागतो, तो परराज्यातील आणि परदेशी पाहुण्यांनाही एक, दोन किंवा दहा दिवसांसाठी मिळतो. अरण्यक्षेत्रात रात्री राहायचे असेल, तर त्यासाठी वेगळी परवानगी आणि बऱ्याच भागांत अस्वलाला उघडता न येणारा अन्नाचा डबा लागतो. दिवसभरात जाऊन परत येणाऱ्याला ही वेगळी परवानगी आणि डबा लागत नाही.

साधनांची निवड कोठे जाणार यावर अवलंबून आहे. कणकेचा गोळा लावून तळाशी सोडण्याची आपली पद्धत या पाण्यात उपयोगाची नाही, आणि काश्मीरमधील अनेक टप्प्यांवर तर केवळ फ्लायलाच, म्हणजे पिसे-दोरे गुंडाळून केलेल्या नकली किड्यालाच, परवानगी असते. तळ्यात हलका रॉड आणि छोटा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारे धातूचे चकाकते आमिष, पुरतो. फ्लाय येत असेल, तर पाच नंबरचा रॉड तिन्ही ठिकाणी चालतो. तंत्राचा फरक यापेक्षा महत्त्वाचा आहे. नदीत पाणी वाहते आणि मासा दगडाआड एका जागी थांबतो. तळ्यात पाणी स्थिर असते आणि मासा काठाकाठाने गस्त घालतो. म्हणून तळ्यात दिसलेल्या माशावर गळ फेकू नये. तो ज्या दिशेने येत आहे, त्या दिशेला बऱ्याच पुढे फ्लाय टाकून ती बुडू द्यावी आणि मासा जवळ आल्यावरच हलकेच ओढावी. उथळ, पोपटी पाणी जिथे एकदम गडद निळे होते, ती कड आणि ओढ्याची तोंडे या जागा पहाटे आणि सूर्य मावळताना तपासाव्यात. काठावर ताठ उभे राहू नये. सावली पाण्यावर पडली, की मासा गेलाच म्हणून समजावे.

सोडायचा मासा ओल्या हातांनीच धरावा. आपल्याकडे मासा घट्ट धरायला सोलापुरी टॉवेल पुढे करण्याची सवय आहे; टॉवेल कितीही उत्तम असला, तरी तो माशाच्या अंगावरचा चिकट थर पुसून काढतो आणि तो मासा पुढे बुरशी लागून मरू शकतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून घ्यावा. उजनीत वापरलेले बूट आणि जाळी नीट वाळवल्याशिवाय वर नेऊ नयेत, कारण पाण्यातले रोग ओल्या सामानातूनच पसरतात.

तेव्हा आजवर ट्राउट धरलेला नसेल, तर मी आधी तीर्थनलाच पाठवीन. ज्याच्या पायांत आठवडाभर चढण्याची ताकद आहे आणि ज्याला मासा सोडून देण्याची तयारी आहे, त्याने काश्मीर गाठावे. केवळ मासे धरण्यासाठी अमेरिकेचे तिकीट काढणे मला पटत नाही. पण मुलाकडे जाणे ठरलेलेच असेल, तर चार दिवस सिएरासाठी राखून ठेवावेत आणि ब्रुक ट्राउट बिनधास्त खावा.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तेथून तीर्थनसाठी मनालीच्या बसने औटला, बोगद्याच्या आधी, उतरावे आणि बंजारमार्गे पुढे जावे; काश्मीरसाठी कटऱ्याला जाऊन जून २०२५ पासून धावणाऱ्या वंदे भारतने श्रीनगर गाठता येते. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस विशनसरच्या काठावर असायचे असेल, तर जूनच्या उत्तरार्धात तिकीट काढावे आणि त्याच आठवड्यात वाटाड्याशी बोलून परवान्याचे काम सुरू करावे.