220 रुपयांचा पिवळा मीटर, सहा महिन्यांनंतर

आठशेतीस मालिकेतला पिवळा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, रेझिस्टन्स वगैरे मोजायचं यंत्र, सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे रेंज वगैरे सांगत बसत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला विद्युत आणि चुंबकत्वाचा पेपर लागला आणि लॅबमध्ये चौघांत एक मीटर, म्हणून पुण्यात पासोड्या विठोबापाशी घेतला. गॅरंटी विचारली तर दुकानदार म्हणाला, "ताई, दुकानाबाहेर पडेपर्यंत."

पहिला महिना मस्त. मग एका रविवारी किरचॉफचा नियम तपासायला बसले: ओळीतल्या भागांवरच्या व्होल्टची बेरीज बॅटरीएवढी यायला हवी. 9 व्होल्टची बॅटरी आणि ओळीत दोन रेझिस्टर, रंगीत पट्ट्या तपकिरी-काळा-हिरवा, म्हणजे प्रत्येकी 1 मेगओहमचे. बॅटरीवर 9.06. मग प्रत्येकावर साडेचार नको यायला? पहिल्यावर 3.02. दुसऱ्यावरही 3.02. उरलेले 3 व्होल्ट कुणी खाल्ले? बॅटरी बदलली, ब्रेडबोर्ड बदलला, शेवटी दुकानात भांडायला गेले. त्याने नवाकोरा मीटर काढून लावला. त्यावरही 3! बसचे पैसे फुकट.

इथवरचा मजकूर रागात लिहिला होता, एक तारा देऊन. आता बदलते. लॅबमधल्या मामांनी एवढंच विचारलं, "पोरी, मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स धरलास का?" सोबतच्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरांत आहे: 1 मेगओहम. म्हणजे मीटर रेझिस्टरला समांतर लावला की दोन्ही मिळून तिथे अर्धाच मेगओहम उरतो, एकूण दीड, आणि वाट्याला येतात नवातले तीन. किरचॉफ 1845 पासून बरोबरच आहे, तिसरा रेझिस्टर माझ्याच हातात होता. 1 किलोओहमचे दोन लावले तर 4.53 आणि 4.53. लॅबचा महागडा मीटर 10 मेगओहमचा, पण तोही त्या मोठ्या जोडीवर 4.31 दाखवतो. खातो तोही, फक्त बेताने. पुढे पिवळा मीटर लावून 1 मेगओहममधून कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) चार्ज करताना कपॅसिटर साडेचार व्होल्टलाच अडला आणि निम्म्या वेळात तिथे पोचला, तेव्हा मी वहीत कारण आधीच लिहून ठेवलं होतं. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारलं. साडेतीन तारे.

अर्धा तारा प्रोबच्या वायरचा कापला. चौथ्या महिन्यात मुळाशी तुटली, डाग देऊन चालवतेय. आणि एक तारा या कारणासाठी, की हा आपोआप बंद होत नाही. दोनदा रात्रभर चालू राहिला, दोनदा बॅटरी मेली, त्यातली एक प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री. हल्ली आई झोपताना विचारते, "गॅस बंद केलास का?" आणि लगेच, "आणि तो पिवळा?"