रोज एक मॉन्स्टर ओळखायचा: पेरणीपासून वेचणीपर्यंतचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा कल्पित साहसांचा खेळ. त्यातला एक मॉन्स्टर रोज ओळखायचा, असं हे नेटवरचं कोडं. पेरणीच्या दिवसांत सुरू केलं, आता कापसाची वेचणी चालू आहे आणि अजून ही सवय सुटलेली नाही. आपण एका मॉन्स्टरचं नाव टाकायचं. मग आकार, प्रकार, अलाइनमेंट (चांगला की वाईट), आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड), हिट पॉइंट (तो किती मार सोसतो), चॅलेंज रेटिंग (तो किती भारी) असे रकाने उघडतात. जुळलं ते हिरवं, आकडा चुकला तर वर किंवा खाली बाण.

पाठांतर असलं की जमेल, असं बाहेरून वाटतं. खरी गंमत मात्र मॉन्स्टरांची भावकी ओळखण्यात आहे. मी सुरुवात बहुधा आउलबेअरपासून, म्हणजे अर्धं घुबड-अर्धं अस्वल अशा प्राण्यापासून, करतो. आकार लार्ज, प्रकार मॉन्स्ट्रॉसिटी (विचित्र, अनैसर्गिक प्राणी), आर्मर क्लास 13, रेटिंग 3. रेटिंग 30 पर्यंत जातं, पण बरेचसे मॉन्स्टर खालच्या पायऱ्यांवरच असल्यामुळे 3 वरून बाण कुठे वळतो ते फार कामाचं. आर्मर क्लास 8 किंवा त्याच्याही खाली निघाला तर मी आधी ऊझ (लिबलिबीत गोळ्यासारखे जीव) आणि झोंबी बघतो. जिलॅटिनस क्यूबचा तर फक्त 6 आहे. ड्रॅगन असेल तर अलाइनमेंट बघा: लाल, काळा, हिरवा असे रंगांचे ड्रॅगन वाईट, सोनं-चांदी-कांस्य अशा धातूंचे चांगले. आकारावरून हिट पॉइंटचा फासा ठरतो, मीडियमला आठ बाजूंचा, लार्जला दहा बाजूंचा. हे एकदा कळलं की आकडे अंदाजाने सांगता येतात.

संध्याकाळी पोट्टे जमतात आणि कोडं सगळे मिळून सोडवतो. ताडोब्याचं जंगल आमच्यापासून लांब नाही, जागलीला जाणारे घरोघरी आहेत. एक दिवस उत्तर वाघ निघालं. चॅलेंज रेटिंग 1. भाचा चिडलाच: "मामा, वाघाले फक्त एकच? लिहिणाऱ्यानं वाघ पाह्यला तरी हाय का?"

त्याची शंका मला रास्त वाटली, म्हणून वाघाचा पूर्ण तक्ता काढला. रेटिंग 1 म्हणजे पहिल्या लेव्हलचे, हत्यारबंद, ताज्या दमाचे चार वीर मिळून त्याला भारी पडू शकतात. साध्या माणसाचा, म्हणजे कॉमनरचा, तक्ताही त्याच पुस्तकात आहे: हिट पॉइंट 4. वाघाच्या पंजाचा मार आठचा एक फासा अधिक 3, म्हणजे कमीत कमी 4. पंजा लागला की माणूस पडलाच. पोट्टे एकदम गप्प झाले. मग भाचा म्हणाला, "मंग बरोबर हाय." या खेळाचे आकडे इतक्या विचाराने बसवलेत, हे मला त्या दिवशी नव्याने दिसलं आणि कोड्यावरचा जीव आणखी वाढला.

राक्षस निघाला तेव्हाही मजा आली. वाघाचं तोंड, उलटे तळहात, रेटिंग 13. आपल्या गोष्टींतला राक्षस पोट्ट्यांना माहीत, हा नवा होता.

एक तक्रार आहे. मी खेळतो त्या कोड्याचे तक्ते 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, पण तसं कुठेही लिहिलेलं नाही. 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये गॉब्लिन ह्युमनॉइडचा (माणसासारख्याचा) फे (परीलोकातला जीव) झालाय, कोबोल्ड ड्रॅगनमध्ये गेलाय. नवं पुस्तक वाचून आलेल्याचा इथे गोंधळ होणार. आवृत्तीचं नाव वर टाकायला हवं. बाकी नेट फारसं लागत नाही, आमच्याकडच्या कमजोर टॉवरवरही पान उघडतं.

पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. 2014 च्या नियमांचा एसआरडी 5.1, म्हणजे मूळ नियम आणि तक्त्यांचा संच, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली फुकट आहे. बीहोल्डर, माइंड फ्लेअर त्यात सापडणार नाहीत, पण वाघ, राक्षस, आउलबेअर सगळे आहेत. पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, लाइन गेली तरी तक्ते चाळता येतात.