धावड्याच्या नावाखाली चार टन पाणी विकत घेतलं

लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय. ऐन हळद शिजवायच्या तोंडावर मी ४ टन ३६० किलो जळण घेतलं. दर ६,८०० रुपये टन. रोख १०,००० आणि फोनवरून १९,६४८, असे २९,६४८ रुपये मोजले. उतरवायची हमाली १,२०० वेगळी. सगळा जन्म वाळवा तालुक्यात गेला, गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडं घालून हात भाजलेत, बाभळीचं जळण अंधारात हाताने ओळखेन. आणि मला माणसाने लाकडात फसवलं!

झालं असं की यंदा उसाचं पाचट शेतातच कुजवलं, त्यामुळे जळणाला घरचं काहीच नव्हतं. वखारीत बाभळीचा दर ७,२०० सांगत होते, तेही चार दिवसांनी. इकडे हळद काढून खळ्यावर ढीग पडलेला. ज्यांच्या घरी हळद आहे त्यांना सांगायला नको, काढलेले गड्डे दोनतीन दिवसांत शिजले पाहिजेत. हळद वाफेवर शिजवून देणाऱ्या कुकरवाल्यांची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळची, ती चुकली की आठवडा गेला. अशा वेळी मेव्हण्याच्या ओळखीच्या एकाने नंबर दिला. फोनवर बोलणं एकदम गोड. "आण्णा, बाभळीच्या नादाला कशाला लागता? पाटणकडच्या मालकी रानातला धावडा देतो. बाभळीच्या वरचं जळण. निखारा रात्रभर राहतो."

यात खोटं काहीच नव्हतं, हीच गोम. धावडा जळायला खरोखर उत्तम, कठीण, जड, कोळसाही चांगला होतो. फक्त मी आयुष्यात धावड्याचं लाकूड जवळून बघितलं नव्हतं. धावडा म्हणजे मला माहीत तो डिंकाचा. थोरल्या मुलीच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू झाले तेव्हा आणला होता.

टेम्पो आला दिवस मावळताना. कधीही दिवस मावळताना माल उतरवून घेऊ नका. ओंडके सगळे सोललेले, एकावरही साल नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "वाळवी सालीतनं लागते आण्णा, म्हणून सोलूनच देतो, त्याचे पैसे घेत नाही." मला उलट बरं वाटलं! अरे, धावड्याची ओळखच सालीवर. पांढुरकी, गुळगुळीत साल असते त्याची. झाडाचं नाव सांगणारी एकच गोष्ट माणसाने सोलून टाकली होती, आणि मी ती फुकटची सेवा समजलो.

पण मी जागा व्हायला पाहिजे होतो तो क्षण पुढचा. तो रोज रात्री डोळ्यासमोर येतो. चारपाच ओंडक्यांच्या कडेला काळं, डांबरासारखं काहीतरी ओघळून वाळलं होतं. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "डिंक आहे, धावड्याला सुटतोच." तेवढ्यात दारातून आमची मंडळी म्हणाली, "अहो, डिंक काळा कसा? लाडवाला आणला तो तर पिवळसर होता." आणि मी, मी शहाणा, तिच्यावर खेकसलो, "तुला लाडवातलं कळतं, लाकडातलं कळत नाही." हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही. तिनेही अजून मला विसरू दिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, वजन हातात घेऊन बघायचं. बघितलं की! दोघांना मिळून ओंडका उचलत नव्हता. टोकाला आतला गाभा काळपट होता, कठीण लाकडाचा असतो तसा. पण जड म्हणजे कठीण, असं मी धरून चाललो. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. वाळलेल्या ओंडक्याला टोकाशी चिरा पडलेल्या असतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजतात. ओले ठप्प वाजतात. हे मला माहीत होतं, पण आपटून बघितलं नाही. वजनकाट्याची पावती त्याच्याच हातात, भरल्या गाडीची. रिकाम्या गाडीचं वजन कुठल्या काट्यावर, कोणासमोर झालं, देव जाणे. जाताना त्याने ढिगाऱ्याजवळ उभं करून माझा फोटोही काढला. "आठवण राहू दे," म्हणाला.

सकाळी कुकर पेटवला. पेटवला म्हणजे काय, धुपवला. टोकातून फेस येतोय, चरचर आवाज, धूर शेजारच्या वस्तीपर्यंत, आणि वाफ काही धरेना. पाऊण तासात उतरायची ती पहिली खेप दोन तासांनी काढली, तरी गड्ड्यात काडी घुसेना. कुकरवाल्यांनी दुपारी हात टेकले. त्यांचा रिकामा दिवस म्हणून ३,५०० रुपये दिले, कारण चूक त्यांची नव्हती. मग ७,२०० च्याच दराने वखारीतून दीड टन बाभूळ आणली, १०,८०० रुपये. जी पाळी वाचवायला घाई केली, ती गेलीच.

त्याच संध्याकाळी पुतण्याचे हात सुजले. लाकूड त्याने रचलं होतं. सकाळपर्यंत कोपरापर्यंत फोड, डोळे बंद. डॉक्टरचे आणि औषधाचे मिळून १,८५० रुपये झाले. तोपर्यंत भाच्याने मोबाईलमधल्या ॲपवर लाकडाचे फोटो टाकले होते. ॲपने एकदा अर्जुन सांगितलं, एकदा साग, एकदा आंबा. आंबा! पान नाही, साल नाही, ते बिचारं काय सांगणार. आमच्या आईला धड दिसत नाही, तिने पोराच्या हाताजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "बिब्बा उतलाय." धोबी पूर्वी कपड्यावर ज्याने खूण करत, तो बिब्बा. त्याचा चीक हवा लागली की काळा पडतो आणि कातडीवर फोड उठवतो. तोच आमचा "डिंक". ते तुकडे बाजूला काढले. कुणाच्या जळणात असे काळे ओघळ दिसले तर चुलीत घालू नका, धूरही बाधतो.

बाकीच्या ढिगाऱ्याचं नाव मिरजेकडच्या एका सॉ मिलच्या जुन्या मिस्त्रींनी सांगितलं. एक तुकडा करवतीवर धरला, काळपट गाभा आणि भोवतीची पिवळट कड बघितली आणि हसले. "रेन ट्री. रस्त्याकडेचा." रस्ता रुंद करताना जे पाडतात ते. एक लहान ओंडका मी मुद्दाम तोलून छपरात ठेवला: ११ किलो २०० ग्रॅम. एक महिन्याने भरला ६ किलो ४००. मी ६,८०० रुपये टनाने पाणी विकत घेतलं होतं.

आता सरकारी कथा. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, माल मिळालाय ना? मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा. म्हटलं, दुसराच माल मिळालाय. "म्हणजे लाकूडच ना?" वजनाची तक्रार घेऊन वजनमापाच्या कार्यालयात गेलो, तर म्हणाले, काटा प्रमाणित आहे, पावती बरोबर आहे, लाकूड ओलं की वाळलं हे आमच्याकडे येत नाही. शेवटी वनखात्याकडे गेलो, म्हटलं झाडाची माणसं तीच. तिथे मलाच उभं करून विचारलं, "रानातलं लाकूड आणलंत, वाहतुकीचा पास कुठे आहे?" म्हटलं, अहो ते रानातलं नाहीच, तीच तर तक्रार. "मग आमच्याकडे कशाला आलात?" धावडा असेल तर मी गुन्हेगार, नसेल तर माझा संबंध नाही! वर एक यादी वाचून दाखवली, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, चिंच. यातलं काही निघालं तर तुम्हीच अडकाल, म्हणे. अर्ज द्या म्हणाले. दिला. त्यावर शिक्का मारून घेतलाय, तेवढीच कमाई. त्या तीन कार्यालयांच्या फेऱ्यांचं पेट्रोल मी हिशोबात धरलेलं नाही.

हिशोब ४६,९९८ रुपयांचा आहे. दोन रुपये कमी सत्तेचाळीस हजार. हळदीला रंग कमी आला, त्याचा दरातला फटका वेगळा. पास मागा, सालीसकट माल मागा, आणि एक ढलपी त्याच्यासमोर पेटवून बघितल्याशिवाय दमडी देऊ नका. पेटवू देत नसेल तर टेम्पो तसाच परत लावा, हमाली गेली तरी चालेल.

त्याचा नंबर बंद नाही. माझा फोन उचलत नाही, एवढंच. मेव्हण्याच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं, त्यात परवा माझाच फोटो होता: "अस्सल धावडा, समाधानी गिऱ्हाईक." तो फोटो कुणाच्या नजरेस पडला तर ढिगाऱ्यावर हात ठेवून हसणारा पांढऱ्या टोपीवाला मी आहे.