जलरंगाच्या कागदाचा ३०० जीएसएम कॉटन पॅड: पावसाळ्यानंतरचा अनुभव

आकाशाचा साधा निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, टाकला आणि कागदभर गडद ठिपके उमटले. पाणी फिल्टरचं, ब्रश धुतलेला, रंग नेहमीचाच. कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग आत मुरू न देणारं द्रव्य, गेलेलं. बाकी काही नाही.

पॅड सगळ्यांना माहीत असतं तेच: १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), ३०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पहिला पॅड एप्रिलमध्ये घेतला, तेव्हा मी खूश होतो. संभाजीनगरचा उन्हाळा, पारा चाळिशीपार, वर पंखा. लाकडी लगद्याच्या कागदावर ब्रश उजवीकडे पोचेपर्यंत डावी कड वाळून रेघ पडते. कॉटन पाणी धरून ठेवतो, कड ओली राहते. देवगिरीचा कातळ थरावर थर देत रंगवला, खालचा रंग जागचा हलला नाही. स्वस्त कागदावर दुसऱ्या थरालाच चिखल होतो. तेव्हा भेटेल त्याला सांगत होतो, घ्या, पैसे वसूल.

श्रावणात दुसरा पॅड आणला आणि हे ठिपके. कंपनीनं माल हलका केला असं वाटून भरपूर चिडलो. मग एप्रिलच्या पॅडचं उरलेलं पान काढलं, दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवला. जुन्यावर थेंब फुगून बसला. नव्यावर टेकताक्षणी आत. जुनं पान त्याच कपाटात, त्याच पावसात होतं. म्हणजे माझ्या घरची ओल नाही, दुकानात कुठेतरी दमट जागी पडून राहिलेला माल असावा. सायझिंग म्हणजे कागदाला दिलेलं जिलेटिन किंवा तत्सम काही. रंग वर थांबतो तो त्याच्या जिवावर. ओल आणि वय दोन्ही त्याला मारतात, आणि कोरडं पान बघून काही कळत नाही.

दुकानदार म्हणाला, “पॅकिंग फोडलंय, परत होणार नाही.” फोडल्याशिवाय थेंब कुठे टाकू, दादा? कधी बनवला ते पॅडवर छापलेलं नाही. एक पान चहा-पोह्यांएवढं पडतं, इथे अख्खा पॅड गेला.

एका मित्रानं सुचवलं, कागजीपुऱ्याला जा, दौलताबादपाशीच आहे, हातकागद घे. कागद सुरेख असतो, वाद नाही. पण आपल्याकडचा जुना हातकागद लिहिण्यासाठी. खळ लावायची, दगडानं घोटायचं, की बोरू अडकत नाही. ओल्या वॉशचं गणित वेगळं. हातकागद दिसला की जलरंगाला चालेल असं धरून चालू नका.

खराब पानांवर जिलेटिनचं पातळ कोमट पाणी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. छोट्या अभ्यासाला चालतं. उरलेली कोळशाच्या स्केचला जातील, कोळशाला सायझिंगचं सोयरसुतक नाही.

पुढच्या वेळी पॅड नाही, सुटी फुल शीट. कोपऱ्यावर थेंब दुकानातच टाकणार, मालक कितीही डोळे वटारो.