तीन मजली मातीचं कंपोस्ट भांडं: तिन्ही ऋतूंच्या वापरानंतर

पुण्यातल्या फ्लॅटची पूर्वेकडची बाल्कनी, घरात चार माणसं, रोज दोन वेळचा स्वयंपाक. या हिशेबाने हे भांडं उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असं सलग वापरून झालं आहे. निकाल आधीच सांगतो: भांडं घेण्यासारखं आहे. मात्र विकताना सांगतात तसं ते तीन मजल्यांत चौघांना पुरत नाही. आणि ते नीट चालतं त्याचं श्रेय भांड्याला कमी, सुक्या पाचोळ्याला जास्त.

रचना साधी आहे. भाजलेल्या मातीची तीन भांडी एकावर एक बसतात, वर झाकण. वरच्या दोन भांड्यांना तळ नाही, तिथे दोरीचं जाळं असतं. खालच्याला तळ असतो. तिन्हींच्या अंगाला हवेची भोकं. वापर सुरू करताना जाळ्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, त्यावर चार बोटं जाडीचा सुका पाचोळा आणि मगच कचरा. वरचं भांडं भरलं की ते मधे जातं आणि मधलं रिकामं होऊन वर येतं. खाली माल दुसऱ्या भांड्यातून तिसऱ्यात उतरतो. माती झिरपती असल्याने जादा ओल बाहेर निघते, आणि प्लास्टिकच्या बादलीपेक्षा वास कमी येतो तो एवढ्याचसाठी. बाहेरच्या अंगावर पांढरी पुटं चढतात, ते क्षार आहेत. ओल्या फडक्याने पुसावेत, भांडं खराब झालेलं नसतं.

आता क्षमतेचा हिशेब, कारण खरेदीच्या वेळी तो कोणी मांडून दाखवत नाही. चौघांच्या घरात रोज 700 ते 800 ग्रॅम ओला कचरा निघतो. चिरून टाकला तर साधारण दोन लिटर. त्यावर जवळपास तेवढाच पाचोळा. माल दबत आणि कुजत खाली बसतो, तरी 25 लिटरचं एक भांडं तीन आठवड्यांत भरतं. म्हणजे वरच्या भांड्यात पडलेला कचरा तळाच्या भांड्यातून बाहेर येईपर्यंत सहा ते नऊ आठवडे होतात. एवढ्यात रंग काळपट होतो, पण खत मुरलेलं नसतं. त्याला आणखी महिनाभर हवा. दोघांच्या घरात भरण्याचा वेग निम्मा, म्हणून तिथे तीन मजले अगदी बरोबर बसतात. चौघांनी चौथं भांडं घ्यावं किंवा तळातला माल गोणपाटाच्या पोत्यात भरून सावलीत ठेवावा. पोतं स्वस्त पडतं आणि हवाही खेळते. फक्त आठवड्यातून एकदा पाण्याचा हबका मारायला विसरू नये.

पाचोळ्यावर मुद्दाम जास्त लिहितो. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण 25 ते 30 भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन या प्रमाणात लागतो. भाजीच्या देठा-सालींत नायट्रोजन जास्त, पाणी तर फारच जास्त. सुक्या पानांत कार्बन भरपूर. शिवाय पानांमुळे ढिगात पोकळी राहते आणि हवा आतपर्यंत जाते. म्हणून कुजणं सुरू करून द्यायला विरजण म्हणून मिळणाऱ्या पुड्यांवर पैसे घालण्याआधी पाचोळ्याची सोय लावावी. फेब्रुवारी ते एप्रिल या पानगळीत सोसायटीच्या आवारातला पाचोळा लोक गोळा करून पेटवतात. तोच तीन-चार पोती भरून ठेवला तर पावसाळाभर पुरतो. पोती जिन्याखाली कोरड्यात हवीत, भिजलेला पाचोळा निम्मा निकामी. विरजण पहिल्यांदा एकदाच लागतं. आंबट ताकात थोडा गूळ घालून शिंपडलं किंवा तयार खताच्या दोन मुठी टाकल्या तरी चालतं.

पाचोळा नसेल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाच किलोची वीट पूर्ण भिजवली की 70 लिटरच्या आसपास फुगते, पण तशी भिजवून वापरली तर उपयोग उलटा होतो: ओल शोषायची ती आधीच भरलेली असते. वीट जेमतेम पाणी शिंपडून फोडावी, मोकळी करून उन्हात अर्धवट सुकवावी, मग वापरावी. लाकडाचा भुसा फार हळू कुजतो. तो पाचोळ्यात थोडा मिसळायला ठीक, नुसता नको. प्लायवुडच्या कारखान्यातला भुसा तर घेऊच नये, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

रोजचं काम पाच मिनिटांचं. कचरा बोटाच्या पेराएवढा चिरावा, टाकावा, वर पाचोळा पसरून झाकावा. कचऱ्याचा रंग वरून दिसता कामा नये, हाच नियम. तीन-चार दिवसांनी खुरप्याने वरचा अर्धा भाग हलवावा. ओल तपासायला मूठभर माल घट्ट दाबावा. गोळा टिकला आणि बोटांमधून एखादा थेंब आला तर ओल नेमकी आहे. धार लागली तर पाचोळा, भुगा झाला तर पाणी.

काही जिन्नसांविषयी. चहाचा चोथा धुऊन टाकावा, नाहीतर दूध-साखरेला मुंग्या येतात. टी-बॅगच्या बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिकचे धागे असतात, त्या फाडून फक्त पूड घ्यावी. अंड्याची टरफलं चुरून टाकावीत, अख्खी वर्षभर तशीच निघतात. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी यात होत नाही. मोसंबी-लिंबाच्या साली मूठभर चालतात, रसवाल्याच्या प्रमाणात नाही. शिळा भात, आमटी, भाजी थोडी चालते, पण मीठ खतात साठत जातं आणि कुंडीतल्या पानांची टोकं करपतात. मासळीचे आणि चिकनचे अवशेष बाल्कनीत नकोच. निर्माल्यातला हाराचा दोरा हमखास नायलॉनचा असतो, तो आधी ओढून काढावा.

‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेल्या पिशव्या यात टाकू नयेत. आयएस 17088 या मानकाखाली येणाऱ्या पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या, 58 अंशांच्या आसपासच्या तापमानात विरतात. घरच्या भांड्यात ढीग लहान, उष्णता टिकत नाही. याच कारणाने टोमॅटो, मिरची आणि भोपळ्याच्या बिया मरत नाहीत आणि कुंड्यांत आपोआप रोपं उगवतात.

बिघाड कळतो तो वासावरून. मुतारीसारखा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त झाला. डाळ, उसळी, मटाराची टरफलं एकदम पडली की असं होतं. पाचोळा मिसळावा. चुना किंवा राख टाकली तर वास आणखी वाढतो, कारण अल्कतेमुळे अमोनिया सुटतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही: भांडं उपसून ढवळावं, खालची चिकट गठळी फोडावी. आंबूस वास बहुधा भाताचा किंवा फळांचा. दोन-तीन दिवस नवं काही न टाकता हलवत राहिलं तरी जातो. पांढरी बुरशी दिसली तर घाबरायचं काही नाही, काम चालू असल्याची ती खूण आहे.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये गडबड उलट असते. माती ओल भराभर बाहेर टाकते, माल कोरडा पडतो, मुंग्या घर करतात आणि कुजणं थांबतं. तांदूळ धुतलेलं पाणी एक दिवसाआड शिंपडलं की पंधरवड्यात गाडी रुळावर येते. पण हेच आंब्याचे दिवस, कचरा किलोच्या वर जातो. त्या दोन महिन्यांत साली एक दिवस उन्हात वाळवून टाकल्याशिवाय भांडं आवरत नाही.

पावसाळ्यात अळ्या येतात, आणि बहुतेक घरांत भांडं बंद पडतं ते इथेच. करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. त्रास एवढाच की वाढ पूर्ण झाल्यावर कोरडी जागा शोधत रात्री बाहेर निघतात आणि बाल्कनीभर पसरतात. झाकणाखाली सुती कापड घट्ट बांधावं, वर दोन इंच कोरडा पाचोळा ठेवावा, शिजलेलं अन्न त्या काळात बंद करावं. फिनाईल किंवा कीटकनाशक फवारलं तर अळ्यांबरोबर कुजवणारे जीवही मरतात आणि ते खत भाजीच्या कुंडीला घालता येत नाही. चिलटं मात्र केळीच्या सालीवरच्या अंड्यांतून येतात. साली चिरून तळाशी पुराव्यात. वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब ठेवला की उरलेली त्यात पडतात.

खत मुरलं की नाही हे रंगावरून ठरवू नये. ओलसर मूठभर खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवावं. उघडल्यावर आंबूस वास आला तर कच्चं, पहिल्या पावसातल्या मातीसारखा आला तर तयार. दुसरी परीक्षा अळिवाची: खतात चमचाभर अळीव पेरावेत, तीन-चार दिवसांत नीट उगवले तर खत झाडांना बाधणार नाही. कच्चं खत मुळांशी कुजत राहतं आणि झाडाचा नायट्रोजन ओढून घेतं. वापर कुंडीत मातीच्या तीन भागांना एक भाग, पुढे महिन्याला दोन मुठी.

खरेदी करताना भांडं टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द आवाज म्हणजे तडा. भरलेलं भांडं 15 किलोच्या वर जातं आणि काठ धरून उचललं की टवका उडतो. दोघांनी तळाला हात घालून उचलावं किंवा आधी अर्धं उपसावं. जाळ्याची दोरी काथ्याची असेल तर तीच कुजते आणि सगळा माल खाली कोसळतो, म्हणून पहिल्याच दिवशी नायलॉनची बांधून घ्या. तळमजल्यावर उंदीर-घुशींचा वावर असेल तर भोकांना आतून बारीक तारेची जाळी लावल्याशिवाय भांडं सुरू करू नका. पंधरा दिवस गावाला जायचं असेल तर काहीच करावं लागत नाही: शेवटचा कचरा ढवळून वर तीन इंच पाचोळा घालावा आणि कुलूप लावून निघावं.